सोमवारची हजेरी

आईचा शेवटचा रविवार माझ्याकडे, बेळगावच्या अनगोळात गेला आणि त्यात लक्षात राहण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं मेथी निवडली, माझ्या कपाटातलं एक पुस्तक अर्धं वाचलं आणि दिवसभर फोनकडे बघून हसत राहिली.

निपाणीच्या पलीकडं, डोंगराकडच्या एका गावात ती एकशिक्षकी मराठी शाळा चालवायची. परिपत्रकं कन्नडमधून यायची. एखादा शब्द अडला तर विचारायला जवळ दुसरं मोठं माणूस नसायचं. मग कुणीतरी अशा एकट्या शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आधी परिपत्रकांचे अर्थ, मग गणिताची कोडी, मग एकमेकांना टोमणे. त्या रविवारी संकेश्वरकडच्या भावकू गुरुजींनी तिला विचारलं होतं, "हेडमास्तरीणबाई, तुमच्या शाळंतला शिपाई तुमचं ऐकतो का न्हाय?" शिपाईही तीच होती. यातल्या कुणालाच तिनं प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

त्यांचा एक नेम होता. सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकानं लिहायचं : शाळा उघडली. त्याला ते हजेरी म्हणत. प्रत्येकानं घरच्या एका माणसाचा नंबरही देऊन ठेवला होता.

निघताना आई सहज म्हणाली, की हल्ली शाळेचा चढ चढताना दम लागतो. डॉक्टरांना दाखव, एवढंच मी म्हटलं. भीती वाटली होती, ती दिसू दिली नाही. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच होतो. एकीनं धीर सोडला तर दुसरीनं कुणाकडं बघायचं, म्हणून भीतीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे.

सोमवारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी भावकू. जयाबाईंची लेक न्हवं तुम्ही? बाईंची हजेरी आली न्हाय."

त्या गावात रेंज जाते-येते, त्यामुळे सगळ्यांनी तेच गृहीत धरलं होतं. "पर रेंज गेली की बाई देवळाच्या कट्ट्यावर जाऊन लिवत्यात. आमच्या ते उशिरा ध्यानात आलं. चुकलं आमचं." ग्रुपमधल्या, त्यातल्या त्यात जवळच्या पण तासाभराच्या अंतरावरच्या ताराबाई आपल्या वर्गावर अंगणवाडीच्या बाईंना बसवून स्कूटीवरून निघाल्या होत्या.

मी निपाणीची बस धरली. आईचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मी परत परत लावत राहिले. बाहेर ऊस आणि ऊसच; बस जागची हलतच नाही असं वाटायचं.

संकेश्वर मागं पडल्यावर आईच्या नंबरवरून फोन आला. क्षणभर जीव भांड्यात पडला. पण आवाज ताराबाईंचा होता. आई वर्गात कोसळली होती. पोरं बाहेर व्हरांड्यात रांगेनं बसली होती, बाईंनी सांगितल्याशिवाय कुणी हललं नव्हतं. गाडी बोलावली होती, ती अजून पोचली नव्हती.

"श्वास हाय, पर लई हळू," त्या म्हणाल्या. "डोकं माझ्या मांडीवर हाय, आक्का. त्या एकट्या न्हाईत. मी फोन कानाला लावते. बोला."

बस भरलेली होती.

"आई," मी म्हणाले, आणि शेजारची बाई वळून बघायला लागली. "आई, मला लई भ्या वाटतंय गं. तुझ्याबिगर मला ऱ्हायला जमायचं न्हाय."