खासदारांसाठी राखून ठेवलेली खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझा डावा हात दोनदा खिळे ठोकून बसवलेला आहे आणि पाठीवर कुणा विद्यार्थ्याने कर्कटकाने कोरलेलं अर्धवट नाव आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यावर बसण्याआधी मला नक्की एकदा हलवून पाहाल. पण माझ्यावर एकदा या देशाचा खासदार बसला होता, आणि त्याच्यासाठी गावाने मला अकरा महिने रिकामं ठेवलं होतं. तीच हकिकत मला सांगायची आहे.

माझं लाकूड सेमाडोहकडच्या जंगलातलं. चंद्रभान सुतारांनी मला पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावच्या शाळेसाठी घडवलं. तिथे कुंदा मॅडम शिकवत. त्या माझ्यावर बसत कमी आणि मुलांमधून फिरत जास्त. पण मला रोज फडक्याने पुसत. पुढे लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी तांदळाच्या पोत्यांमागे झाली. उंदरांनी माझ्या बैठकीचा वेत कुरतडला. मॅडम निवृत्त झाल्या त्या वर्षी शाळेने जुनं सामान काढून टाकलं. त्यांनी मला उचलून घरी नेलं, नवी पट्टी विणून घेतली आणि ओसरीत ठेवलं.

हा सगळा भाग खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पूर्वी आठवड्यातून दोनदा गोड्या पाण्याचा टँकर यायचा. मग दिल्लीत ठरलेली एक योजना आली. घरोघरी नळ बसले. फोटो निघाले, वेशीवर योजनेचा फलक लागला. पण नळ जोडले होते गावातल्याच बोअरवेलला. जमिनीतलं खारं पाणी आता नळातून येऊ लागलं. आणि नळ आला म्हणून टँकर बंद झाला.

कौशल्याबाई आमच्या शेजारच्या. पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या, मोठ्याने बोलणाऱ्या, त्याहून मोठ्याने हसणाऱ्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अंकुर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तिशीही ओलांडली नव्हती तेव्हा त्याचे पाय सुजायला लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. गल्लीतला तो चौथा रुग्ण होता.

एका संध्याकाळी कौशल्याबाई ओसरीत आल्या. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

"मॅडम, डॉक्टर म्हंते हे पानी याले पाजू नोका. मंग कोनतं पाजू? टँकर काहून बंद केला यायनं?"

"नळ आला ना. त्यांच्या कागदावर तुमच्या घरी पाणी पोचलं," मॅडम म्हणाल्या.

"नळ मोजते, अन् पानी कोनी चाखूनच नाई पाहात?"

मॅडमनी त्यांना शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "हा नियम दिल्लीत झाला, कौशल्या. म्हणजे प्रश्नही दिल्लीत विचारला पाहिजे. तिथे बोलायला आपण एक माणूस पाठवलाय."

दुसऱ्याच दिवशी पहिला अर्ज लिहिला गेला. खाली एकशे बासष्ट सह्या आणि अंगठे होते. त्यात खासदारांना एकच विनंती होती: नळातून पिण्याजोगं पाणी येत नसेल तर तो नळ मोजू नये, हे संसदेत मांडा. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चावडीसमोर सभा ठेवली आणि खासदारांना बोलावणं धाडलं. लोक सतरंजीवर बसत. मला मात्र मधोमध मांडून वर चिठ्ठी चिकटवत: 'खासदार साहेबांसाठी'. माझ्यावर कुणीच बसत नसे. एकदा एक म्हातारे चुकून टेकले तर बायांनी त्यांना उठवलं. महिन्यामागून महिना अर्ज खासदारांच्या कार्यालयात जात होता. त्याची शिक्का मारलेली पोच मॅडम फाइलला लावत होत्या.

अकराव्या महिन्यात निवडणूक जवळ आली आणि खासदार आले. पाच गाड्या होत्या. ते थेट माझ्यावर येऊन बसले. कौशल्याबाईंनी नळाचं पाणी भरून पेला त्यांच्या हातात दिला.

"घ्या सायेब. आमच्या घरचं हाये."

त्यांनी पेला हातात धरला, पण ओठाला लावला नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाने बाटली पुढे केली. साऱ्या सभेने ते पाहिलं. मग खासदार उठून म्हणाले, "कौशल्याताई, तुमचा प्रश्न मी येत्या अधिवेशनात मांडतो. शब्द देतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंकुर भिंतीला टेकून बसला होता, त्यानेही वाजवल्या. आणि मित्रांनो, खरं सांगते, मलाही फार अभिमान वाटला होता. आज त्याची आठवण आली की मला शरम वाटते.

ते पुन्हा निवडून आले. अधिवेशन झालं. मॅडमची जुनी विद्यार्थिनी प्रतीक्षा मोबाइलवर खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांची यादी वाचून दाखवायची. त्यात विमानतळ होता, महामार्ग होता. पाणी नव्हतं. दुसरं अधिवेशन झालं, तिसरं झालं. गावाने शहरातल्या त्यांच्या कार्यालयात जायचं ठरवलं. टेम्पोत माणसं, पाण्याच्या बाटल्या आणि मीसुद्धा. दिवसभर फाटकाबाहेर उन्हात बसलो. आतला माणूस दर तासाला सांगे, साहेब दिल्लीत आहेत.

"दिल्लीत असते तं तिथं करते काय?" कौशल्याबाईंनी विचारलं. "आमी दिल्लीतलंच काम सांगून राहिलो ना!"

त्या दिवशी एका वार्ताहराने फोटो काढला. उन्हात मांडलेली रिकामी खुर्ची आणि शेजारी उभ्या कौशल्याबाई. तो पेपरात छापून आला. पुढच्या अधिवेशनात प्रश्न विचारला गेला.

केवढा आनंद झाला होता! लेखी उत्तर आलं त्या सकाळी ओसरी भरून गेली. अंकुरला चालवत नव्हतं, त्याला माझ्यावर बसवलं. चिठ्ठी मॅडमनी आधीच काढून टाकली होती. अंकुरचं वजन इतकं कमी झालं होतं की मला ते जाणवलंच नाही. प्रतीक्षाने वाचायला सुरुवात केली. उत्तर दोनच ओळींचं होतं. सदर गावात सर्व घरांना नळजोडणी देण्यात आली आहे. पाण्याच्या गुणवत्तेबाबत कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.

मॅडमनी फाइल उघडली. सव्वीस अर्जांच्या सव्वीस पोचपावत्या. त्या एकेक पान उलटत राहिल्या, जणू आपलंच काही वाचायचं राहिलं असावं.

"म्हंजे आपन तक्रारच नाई केली, मॅडम?" अंकुरने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. ते मला अजून सहन होत नाही.

दोन महिन्यांनी अंकुर गेला.

खासदार भेटायला आले. कुणीतरी धावत जाऊन मला आणलं आणि कौशल्याबाईंच्या अंगणात ठेवलं. त्या जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"खुर्ची घेऊन जा. सायेब, खाली बसा."

ते बसले. पांढऱ्या कपड्यांना माती लागली.

"तुमच्या कागदात आमच्या घरी नळ हाये, पानी हाये, तक्रार नाई. बरोबर ना?"

"ताई, उत्तर खात्याने दिलं. मी फक्त..."

"मंग माह्या पोराले त्या कागदाच्या कोन्या खान्यात भरलं ते सांगा. बाकी मले काई नोको."

खासदार हात जोडून उठले आणि गाड्या निघून गेल्या.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सतरंजीवर सहा माणसं होती. त्याच्या पुढच्या वेळी तीन. लोक वाईट नव्हते, थकले होते. फलक तसाच आहे, पाणी तसंच खारं आहे, आणि गल्लीतल्या आणखी एका घरातून आता डायलिसिससाठी पहाटे अकोल्याची गाडी पकडतात. कौशल्याबाई वर्षभर कुणाशी बोलल्या नाहीत. मी ओसरीच्या कोपऱ्यात धूळ खात पडून होते.

गेल्या महिन्यात कौशल्याबाई आल्या. मॅडमची नजर आता अधू झाली आहे. कौशल्याबाईंनी मला पदराने पुसलं, मॅडमना माझ्यावर बसवलं आणि स्वतः पायरीवर टेकल्या.

"लिहा मॅडम."

"काय लिहू गं? सगळं लिहून झालं."

"त्याचं नाव लिहा. अर्जात पयलं नाव त्याचंच टाका."

मॅडम लिहू लागल्या. अक्षर वाकडंतिकडं येत होतं. कौशल्याबाई रडत नव्हत्या. त्या फक्त एकेक शब्द नीट लिहिला जातोय ना, ते पाहत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, मत द्याल. बोटाला शाई लागली की काम संपलं असं समजू नका. ज्याला पाठवलं त्याने तिथे काय विचारलं, ते पाहा. त्याला काय उत्तर मिळालं, तेही वाचा. आणि तुमच्या गल्लीतून कुणी बाई हातात अर्ज घेऊन एकटी निघालेली दिसली, तर तिच्यासोबत जा. आमच्या गावातले लोकही गेले होते. फक्त थोडे लवकर परतले. तुम्ही थोडं जास्त थांबा.