ग्रीनवरची पावलं

मैदानावर सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. माणसांचे नव्हे हो, गवताचे! गोल्फचं मैदान हिरवं ठेवणं म्हणजे नुसतं पाणी मारणं नव्हे, हे ते येईल त्याला ऐकवत. मातीत नळी खुपसून मुळं किती खोल गेलीत ते बघा, सकाळचं दव झाडा नाहीतर बुरशी धरेल, कापणीच्या यंत्राला धार द्या, बोथट यंत्र गवत कापत नाही, फाडतं. आणि चेंडू जिथे शेवटी भोकात जातो ती मखमली हिरवळ, ग्रीन, तिच्यावर तर त्यांचा पोटच्या पोरीसारखा जीव.

नियमही त्यांचाच. तणनाशक मारून आलेल्याने बूट धुतल्याशिवाय ग्रीनवर पाऊल टाकायचं नाही. शेडच्या दारावर तशी पाटी होती, आणि पाटीखालीच डॉक्टरांचे बूट असत. ते बूट कसले, होड्याच! "डॉक्टर, पाऊस आला तर आम्हाला बसवून न्या," अशी थट्टा चालायची. त्यात पुढे असायचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. डॉक्टरांनीच त्याला कापणीच्या यंत्रावर चिकटवलं होतं.

स्पर्धा तोंडावर आली आणि ग्रीनच्या मधोमध परातीएवढा पिवळा डाग उठला. क्लबचे अध्यक्ष स्वतः बघायला आले. डॉक्टर गुडघ्यावर बसले, गवत चोळलं, हुंगलं. तेलाचा वास नव्हता. यंत्रातून तेल गळलं असतं तर यंत्राच्या वाटेने रेघ पडली असती, हे काय डॉक्टरांना कुणी शिकवायला हवं होतं? आणि तेवढ्यात त्यांना आठवलं. मागच्या आठवड्यात कामगार आला नव्हता म्हणून कडेचं तण त्यांनी स्वतः मारलं होतं. पलीकडून अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन येताना दिसले, आणि हे पाठीवरचा पंप खाली टेकवून, ओल्या बुटांनिशी, सरळ ग्रीनवरून त्यांच्याकडे गेले होते. नेमके इथेच उभे राहून गप्पा मारल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

"काय आहे हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेल," डॉक्टर म्हणाले. "यंत्रातून गळलेलं दिसतंय."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मेहुणा तिथेच उभा होता. त्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे, आणि मान खाली घातली. अध्यक्ष म्हणाले, "स्पर्धेपर्यंत याला शेडमध्ये बसवा. नंतर घरी पाठवा."

त्या रात्री जेवताना बायकोने विचारलं, "तो म्हणतो, भावोजी म्हणतात म्हणजे गळलंच असेल. खरंच गळलं होतं का हो?"

"एवढ्याशा गोष्टीवरून डोकं खाऊ नकोस," डॉक्टर खेकसले. स्वतःची इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती. उद्या सांगू, असं मनाशी म्हणत ते उठले. असे दोन-तीन उद्या आले आणि गेले.

मग एका सकाळी ते ग्रीनपाशी पोचले आणि कडेलाच थांबले. तणनाशक सावकाश मारतं, हे तेच सगळ्यांना सांगत. मधला डाग आधी उठला, कारण तिथे ते बराच वेळ उभे होते. आता वाटेवरची पावलं उठली होती. कडेपासून डागापर्यंत, पिवळीधमक, होड्यांएवढी. आणि दोन पावलांत अंतर केवढं! चालणाऱ्याची नव्हेतच ती, धावणाऱ्याची.

त्या पावलांवर मेहुणा गुडघे टेकून बसला होता. हातात गवताला मारायच्या हिरव्या रंगाची बाटली. पहिलं पाऊल त्याने जवळजवळ रंगवून टाकलं होतं.

"हे काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"अध्यक्ष यायच्या आत होईल, भावोजी," तो वर न बघता म्हणाला. "माझं काय, मी कुठेही यंत्र चालवीन. तुमचं नाव गेलं तर ताईने कुणाकडे बघायचं?"

धरणीने पोटात घ्यावं, असं डॉक्टरांना झालं. यापेक्षा त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली काढून घेतली, आपल्या रुमालाने तो ओला रंग पुसला. पाऊल पुन्हा पिवळं दिसू लागलं.

"अहो, काय करताय!"

"गप बस. इथून हलू नकोस."

अध्यक्षांची गाडी पलीकडे थांबली. डॉक्टर निघाले, या खेपेला ग्रीनला पूर्ण वळसा घालून, कडेकडेने. अध्यक्षांना घेऊन परत आले आणि एका पावलाशेजारी आपला बूट टेकवला.

"तेल नव्हतं. तणनाशक होतं, माझ्या बुटांचं. मला त्याच दिवशी कळलं होतं. याची काही चूक नाही."

अध्यक्षांनी वाकून एकेक पाऊल बघितलं. त्यांचा राग दिसत होता, पण त्याहून त्यांना नवल वाटत होतं.

"तुमचा नियम, आणि तुम्हीच? आग लागली होती का कुठे? एवढे धावत कुणीकडे निघाला होतात?"

डॉक्टरांचे कान तापले. मेहुण्याने चटकन तोंड दुसरीकडे वळवलं.

"तुमच्याशी हात मिळवायला, साहेब," ते म्हणाले.