जावयाचा रुसवा

माझे धाकटे दीर गोविंदराव क्रेडिट कार्डाला हात लावत नाहीत, हे मांजलपूरच्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सांगत फिरायचे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या भेटी कार्डावर घेतल्या आणि रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर चौदा महिने व्याज भरत बसले. तेव्हापासून नियम एकच: खिशात असेल तेवढीच दिवाळी. नियम चांगला होता, पण यादीतून पहिलं नाव माझं उडालं. माझे यजमान गेल्यापासून दर दिवाळीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, समा भागातल्या माझ्या फ्लॅटवर साडी यायची. नियमाच्या पहिल्याच वर्षी पाव किलो चिवडा आला. "वहिनी, यापुढे असंच," म्हणाले आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले. मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

यंदा त्यांच्या अवंतीचा पहिला दिवाळसण. जावई कुशल गुजराती, गोड पोरगा. नरकचतुर्दशीला सकाळी त्याने मला विचारलं, "काकी, तुमच्यात जमाईने काय करायचं असतं?" मी सांगितलं, जेवायला पाटावर बसायचं, ताटाला हात लावायचा नाही, रुसायचं. सासऱ्यांनी विचारलं की भारीतली भारी वस्तू मागायची. हलकी मागितली तर त्यांचा अपमान. मग सगळे हसतात, सासरे लाडू भरवतात, रुसवा संपतो.

रीत खरी आहे. पण गोविंदरावांना थट्टा कळत नाही, हे मी चाळीस वर्षं बघते आहे.

ताटं वाढेपर्यंत अवंती शेजाऱ्यांकडे फराळ द्यायला गेली होती. ती असती तर जमलं नसतं. गोविंदरावांनी गुढीपाडव्यापासून साठवलेल्या पैशांतून सहा हजारांचं घड्याळ आणलं होतं, ते ताटाशेजारी ठेवलं. कुशलने मान फिरवली. काय हवं विचारल्यावर त्याने फोनचं नाव सांगितलं, सगळ्यात महागाचं. पोराने काम छान केलं.

"आलोच," म्हणून गोविंदराव आत गेले. मागोमाग मीही गेले. त्यांच्या बायकोने, शालिनीने, कपाटापुढे त्यांचा हात धरला होता, आणि त्या हातात कार्ड होतं.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ना यांना," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, "जावयाच्या तोंडचं मोडू नये, शालिनी."

बाहेर स्कूटर सुरू झाली तसं कुशलने विचारलं, "पप्पा कुठे गेले?"

"लाडू आणायला," मी सांगितलं. "बस तसाच."

तासाभराने ते आले. खोका फोडलेला, फोन चालू करून घेतलेला. चौऱ्याऐंशी हजार, चोवीस हप्ते. कुशलचा चेहरा पांढरा पडला.

"पप्पा, आ तो मजाक हती. काकीने सांगितलं, असंच करतात म्हणून. मी भरतो पैसे."

"जावयाने स्वतःच्या दिवाळसणाचे पैसे भरायचे?" गोविंदराव म्हणाले. "फोडलेला खोका दुकानदार परत घेत नाही. तुम्ही वापरा. लाभपाचमीला कामं सुरू झाली की मी कोयलीला रिफायनरीच्या ठेकेदाराकडे जाईन. त्यांना गेटवर माणूस हवाय."

एव्हाना अवंती परतली होती. ती आणि शालिनी दोघी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं. गोविंदरावांना कळलं नाही. ते माझ्यापुढे आले, गुडघ्यावर हात टेकत कसेबसे वाकले आणि माझ्या पायांना हात लावला.

"बरं झालं वहिनी, तुम्ही रीत सांगितलीत. नाहीतर पोराच्या मनात राहून गेलं असतं."

"औक्षवंत व्हा, भाऊजी," मी म्हटलं. हप्ते दोन वर्षांचे होते, तेवढं तरी जगायला हवं.