तिसरी बंदूक

लायल ओडेगार्ड मंगळवारी गेला आणि बुधवारी सकाळी ऑर्विल कुंझ त्याची बंदूक घेऊन रूबेन वेन्टलँडच्या स्वयंपाकघरात हजर झाला. बंदूक त्याने टेबलावर ठेवली, मुरंब्याच्या बरणीशेजारी, आणि कॉफी मागितली. त्या घरात पन्नास वर्षांत कॉफीही आली नव्हती आणि बंदूकही. दोन्ही गोष्टी वेन्टलँडांच्या पंथात बसत नाहीत. रूबेनच्या बायकोने, वर्डेलने, पुढे केलेला पुदिन्याचा चहा ऑर्विलने शिक्षा भोगल्यासारखा पिऊन टाकला.

“शुक्रवारी दफन,” तो म्हणाला. “मला तीन बंदुका लागतात. त्याच्याखाली मानवंदना होत नाही, नियम आहे. तिसरी लायलची होती. आता तो पेटीत आहे, त्याला कसं सांगू?”

“मला का सांगतोयस?”

“कारण बाकीचेही पेट्यांतच आहेत, डॉक.”

यात अतिशयोक्ती नव्हती. गावच्या माजी सैनिकांच्या पथकात एकेकाळी चौदा माणसं होती. डकोटातल्या त्या उघड्या टेकडीवर कुणाही सैनिकाला मातीत ठेवलं, की हे पथक तीन फैरी झाडायचं. आता उरले होते चौघं. फॉस्ट बंधू एल्डन आणि एमिल: एक उजव्या कानाने बहिरा, दुसरा डाव्या, त्यामुळे त्यांना ठराविक क्रमानेच उभं करावं लागे, नाहीतर हुकूम ऐकायलाच कुणी उरत नसे. तिसरा ऑर्विल. हुकूम तो देई आणि बिगूलही तोच वाजवी. म्हणजे बिगुलाच्या आत एक यंत्र होतं, त्याचं बटण दाबून तो गाल फुगवी. एकदा यंत्राने मध्येच मान टाकली, तेव्हा गाल बराच वेळ तसेच फुगलेले राहिले होते आणि कुणीही हसलं नव्हतं, कारण पाद्री समोर होता.

चौथा रूबेन. त्याचं काम वाकायचं. फैरी झाल्या की गवतात सांडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचायच्या, रुमालाने पुसायच्या आणि त्यांतल्या तीन घरच्या माणसांच्या हातात द्यायच्या. एकतीस वर्षं तो हे करत होता. बंदूक धरत नाही म्हणाल्यावर माणसाला दुसरं काय काम देणार?

सैन्यालाही एकोणीसशे सदुसष्टमध्ये हाच प्रश्न पडला होता. एकोणीस वर्षांच्या रूबेनने भरती मंडळापुढे सांगितलं, की येतो, पण शस्त्र उचलणार नाही, आईला आणि देवाला तसा शब्द दिलाय. मंडळाचा अध्यक्ष त्याच्या बापाकडून गायी घेणारा होता, त्याने सहानुभूतीने मान हलवली. सैन्यानेही आडकाठी केली नाही. बंदूक नको ना? ठीक. खांद्याला मलमपट्ट्यांची पिशवी लावली आणि जिथे सगळ्यांच्या हातात बंदुका होत्या तिथे, व्हिएतनामला, त्याला पाठवून दिलं. पलटणीतल्या पोरांनी पहिल्या दिवशी त्याला ‘आजीबाई’ म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात पहिला जखमी झाला आणि तेव्हापासून तो ‘डॉक’. पंथात मांसही वर्ज्य, म्हणून मांसाचे डबे तो त्याच पलटणीतल्या लायलला देई आणि बदल्यात पीचचे डबे मागे. लायल म्हणे, “देतो की, उद्या.” ते पीच अजून यायचे होते.

ऑर्विलने खिशातून कागद काढला. लायलचं वाकडं अक्षर. ‘माझी बंदूक डॉकने घ्यावी. एक गोळी राहिली आहे.’

वर्डेलने भांडी घासायची थांबवली.

“नळीत काही नसतं रे,” ऑर्विल म्हणाला. “नुसता बार. पाखरूसुद्धा मरत नाही.”

“माहीत आहे. पुंगळ्या मीच वेचतो.”

“मग?”

रूबेनने कागद घडी करून बरणीखाली ठेवला. कागदातली ती एक गोळी कुठली, हे त्याला माहीत होतं आणि लायलला माहीत होतं. आता एकट्यालाच.

व्हिएतनाममधल्या एका भातखाचराचा बांध होता. लायलची मांडी फाटली होती आणि रूबेनची उजवी मूठ मनगटापर्यंत त्या मांडीत होती, रक्ताची शीर दाबून. डावा हात त्याच मुठीवर. दहा पावलांवर पलटणीतला डॅनी प्रूइट पोटात गोळी खाऊन पडला होता आणि आईला नाही, कुत्र्याला हाका मारत होता. झाडीतून शत्रूचा एक माणूस बांधावर आला. लायलची बंदूक रूबेनच्या गुडघ्याला टेकलेली. “उचल, डॉक! एकच गोळी! उचल ना रे, भाडखाऊ!” लायल ओरडत राहिला. रूबेनने मूठ काढली नाही. बांधावरच्या माणसाने डॅनीच्या हाका थांबवल्या आणि तो झाडीत परत गेला.

नंतर लायल कधी रागाने बोलला नाही. फक्त दर वर्षी, दुसऱ्या बिअरनंतर, विचारायचा: “हात मोकळा असता तर झाडली असतीस ना, डॉक?” रूबेन म्हणायचा, “तुझी मांडी होती ना हातात.” लायल म्हणायचा, “हो, ती होती.” आणि विषय संपायचा, पुढच्या वर्षापर्यंत.

बंदूक दोन रात्री टेबलावर राहिली. वर्डेलने ती न हलवता तिच्याभोवतीच जेवण वाढलं. शुक्रवारी सकाळी तिने एवढंच विचारलं, “घेणार आहेस?”

“माहीत नाही.”

“मग टोपी घे. वारा आहे.”

वारा होताच, त्या टेकडीवर तो कायम राहायला आहे. लोक कॉलर वर करून उभे होते. राजधानीहून आलेले दोन जवान पेटीवरचा झेंडा दोन्ही बाजूंनी ताणून उभे होते. लायलची बायको अर्लीन पुढच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घट्ट धरून. ऑर्विलने फॉस्ट बंधूंना कानांच्या हिशेबाने लावून घेतलं, एमिलच्या शेजारी जागा सोडली आणि लायलची बंदूक रूबेनपुढे धरली.

रूबेन त्या जागेवर जाऊन उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला थडग्याची ही बाजू दिसत होती. इतकी वर्षं त्याने मागून फॉस्ट मंडळींच्या पँटी पाहिल्या होत्या.

“घे,” ऑर्विल दात न उघडता म्हणाला. “लोक बघतायत.”

रूबेनने हातांकडे पाहिलं. दोन्ही मोकळे होते. त्यांत कुणाची मांडी नव्हती, शीर नव्हती, समोर कुणी माणूस नव्हता, नळीत शिसं नव्हतं. मागणारा मेलेला मित्र होता. हात वर आले नाहीत. तो वाट पाहत राहिला, तरी आले नाहीत. म्हणजे त्या दिवशीही आले नसते. पन्नास वर्षं ज्या मांडीमागे तो लपला होता, ती आता समोरच्या पेटीत होती.

“नाही झाडली असती, लायल,” तो पुटपुटला. एमिलने ते ऐकलं नाही. रूबेनच्या बाजूचा त्याचा कान बहिरा होता.

ऑर्विलने बंदूक त्याच्या पायाशी गवतात ठेवली आणि हुकूम दिला. दोन बार झाले. तिसऱ्याच्या जागी वारा ऐकू आला. पुन्हा दोन. पुन्हा दोन. मग बिगूल वाजला, गाल फुगले, झेंड्याची घडी झाली.

मग सगळे थांबले. सवयीने रूबेनकडे पाहू लागले. रूबेन रांगेतच होता आणि ‘विश्राम’ म्हणायला ऑर्विल विसरला होता. पुंगळ्या गवतात चमकत पडल्या होत्या. शेवटी ऑर्विलच शिव्या पुटपुटत गुडघ्यांवर बसला. एक वेचली, दुसरी वेचली, सहाही वेचल्या. आणि मग त्याला उठता येईना. एक गुडघा उचलायचा तर दुसरा नाही म्हणे.

“डॉक!” तो ओरडला.

रूबेन निघालेलाच होता. रांगेतून कधी बाहेर पडला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मागून काखेत हात घालून त्याने एकशे दहा किलोचा तो पथकप्रमुख शेजारच्या थडग्याच्या दगडावर बसवला, त्याच्या मुठीतल्या पुंगळ्या घेतल्या, रुमालाने पुसल्या आणि तीन अर्लीनला नेऊन दिल्या.

“तिसरी कमी पडली,” तो म्हणाला. “माझी.”

“तू झाडणार नाहीस, हे त्याला माहीत होतं,” अर्लीन म्हणाली.

“मग लिहिलं कशाला?”

“मीही तेच विचारलं. म्हणाला, एकतीस वर्षं माझ्यामागे वाकतोय गाढव, एकदा शेजारी उभा राहू दे.” तिने पुंगळ्या पर्समध्ये टाकल्या. “जेवायला थांब. सगळ्यांना हॅम आहे. तुझ्यासाठी अंड्याचं वेगळं काढून ठेवलंय.”

डॅनीबद्दल लायल शेवटी काही बोलला का, हे रूबेनला विचारायचं होतं. पण अर्लीनला लोक भेटत होते, आणि इतक्या वर्षांनी तिला तरी काय माहीत असणार?

“डॉक!” दगडावरून पुन्हा हाक आली.

रूबेन गेला, त्याच्यापुढे गवतात हळूहळू गुडघे टेकून बसला आणि त्याची पँट वर सारली.

“कुठे दुखतंय?”

“सगळीकडे.”

“मला पण,” रूबेन म्हणाला, आणि गुडघा दाबून पाहू लागला.