‘चहा ठेव’ नावाचं नेटवर्क

“फोन काढा, फोन! सगळ्यांनी बाहेर काढा. लाजता कशाला? जिवंत माणसं लाजतात, गेलेल्यांना कसली आलीये लाज!”

स्पंदनमहाराजांनी असं फर्मावलं आणि बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली मंडळी खिसे, पिशव्या चाचपू लागली. माणसं पार जिन्यापर्यंत होती. खालच्या मजल्यावरची, वरच्या मजल्यावरची, आणि ज्यांचा या बिल्डिंगशी काडीचा संबंध नव्हता तीही. महाराज कोचावर मांडी घालून बसले होते. मांडीवर जांभळी मखमली पिशवी. डोळे मिटलेले, म्हणजे एक पूर्ण आणि एक कामापुरता.

“आता वाय-फायची यादी उघडा. घाई नको. आत्मा झाला तरी त्याला रेंज लागते! पलीकडून इकडे यायचं म्हणजे काय गंमत आहे का? फ्रिक्वेन्सी जुळावी लागते, स्पंदनं उतरावी लागतात... हं. उतरली. वाचा, कोण आलंय?”

“अगं बाई!” समोरच्या काकू ओरडल्याच. “चहा ठेव! अहो, ‘चहा ठेव’ आलं!”

बघता बघता सगळ्यांच्या फोनवर तेच नाव. एका गृहस्थांनी फोन स्टुलावर ठेवून त्याला हात जोडले. कुणीतरी म्हणालं, खोली गार पडली बघा एकदम. पंखा पाचावर होता, पण ते कोण बोलणार!

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या थोरलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं होतं, आणि वडील जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

“साहेब बोलताहेत,” महाराजांनी आवाज खोल नेला. “म्हणताहेत... डोळ्याला सुरी लावून घेऊ नकोस. मी गेलो त्या वाटेनं तू जाऊ नकोस.”

“नाही जाणार हो,” आई चाचपडत उठली, डोळ्यांतून धारा. “नाही लावून घेणार. तुम्ही बसा, मी चहा ठेवते.”

आणि खरंच तिनं चहा ठेवला. कप भरून बाबांच्या रिकाम्या खुर्चीपाशी नेऊन ठेवला. महाराजांनी तिला मंतरलेल्या पाण्याची बाटली दिली, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब. सगळे गेल्यावर थोरलीनं साय धरलेला तो गार चहा मोरीत ओतला आणि तिला रडू कोसळलं. ऑपरेशनची तारीख पुढच्या सोमवारची होती.

आईला काचबिंदू. बाजूचं दिसणं केव्हाच गेलेलं, आता समोरचंही आकसत चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “आजी, गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली तेवढी वाचवायची. उशीर करू नका.” पण बाबा एका साध्या म्हणवल्या जाणाऱ्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते आणि परत आले नव्हते. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की आईचे हात गार पडत. त्यात आता खुद्द बाबांचाच निरोप!

आता हे ‘चहा ठेव’ काय प्रकरण होतं, तेही सांगायला हवं. बाबा मोठे मिश्कील. घरात पहिल्यांदा इंटरनेट घेतलं तेव्हा मोडेम बसवणाऱ्यानं विचारलं, नाव काय देऊ? बाबा म्हणाले, “चहा ठेव असं लिही. म्हणजे हिनं फोन उघडला की आपोआप निरोप मिळेल.” त्या पांढऱ्या डब्यावर त्यांचा भारी जीव. एकदा पडून त्याचा कोपरा तुटला, तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून तो सांधला. खुर्ची त्याच्या शेजारीच.

बाबा गेल्यावर थोरली आईकडे राहायला आली, ती आपलं काम घेऊनच. एका कंपनीच्या धुलाई यंत्रांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, हे तिचं काम. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि गोड आवाजात सांगायचं, “एकदा बंद करून चालू करून बघा ना.” जुन्या मोडेमवर तिचे कॉल तुटायचे, म्हणून तिनं नवा घेतला. काळा, चपटा, वेगवान. माणूस येऊन बसवून गेला, जुन्याची बाहेरून येणारी नेटची तार त्यानं पक्कडीनं कापून टाकली, डबा बाबांच्या खोलीत तसाच ठेवला, नव्याला कंपनीनं दिलेलं आकड्यांचं नाव तसंच राहू दिलं.

सकाळी नेट सुसाट चाले. संध्याकाळ झाली की रडगाणं सुरू. नेमकी बाई तावातावानं सांगत असायची की यंत्रातून फेस बाहेर येतोय, आणि कॉल गप्प. थोरलीनं एकदा फोन उघडून पाहिलं, तर वर लिहिलेलं होतं, जोडलेले नेटवर्क: ‘चहा ठेव’.

तिच्या हातून फोन पडला.

आईनं ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. “आलेत ते,” एवढंच म्हणाली. पुढं रोज संध्याकाळी नाव यायचं, नेट मरायचं, आई चहा ठेवायची. घरात दोघीच, पण बोलायच्या हळू आवाजात. बाबांच्या खोलीवरून जाताना थोरली पाय उचलून चालायची. आणि खरं सांगायचं तर तिला नुसती भीती वाटत नव्हती. तिलाही ते हवंसं वाटत होतं. दार लोटून आत बघावं आणि खुर्चीत बाबा असावेत, असं तिला रोज वाटायचं.

समोरच्या काकूंना कुणकुण लागली आणि त्या महाराजांना घेऊन आल्या. महाराजांनी घर हुंगलं, आईची सगळी कहाणी ऐकून घेतली, बाबांच्या खोलीतला जुना मोडेम डोळे बारीक करून पाहिला आणि निदान केलं. “जीव यात अडकलाय मातोश्री! याला वाहत्या पाण्यात सोडलं की साहेब मोकळे. मग मी बोलावीन तेव्हाच येतील, शिस्तीत.” डबा पिशवीत घालून ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, सोडला. आणि काय नवल, रोजचं येणं थांबलं. महाराज आले की मात्र ‘चहा ठेव’ हजर! मग गर्दी का नाही जमणार?

थोरली शिकलेली, पण शिकलेली माणसं घाबरत नाहीत असं थोडंच आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी, पुन्हा बैठक होती; त्या सकाळी नवा मोडेम आपणहून अडकला, म्हणून तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडून एक पोरगा गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघा ना.”

“अरे बाबा, हेच वाक्य मी दिवसभर लोकांना ऐकवते!” ती करवादली आणि फोन ठेवला. मग तिचं तिलाच हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. तिच्या कामात नव्या मुलींना पहिला धडा देतात तो तिला आठवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड हाती लागत नाही. दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी रोज वापरलेली ही अक्कल तिनं स्वतःच्या घरात कधी वापरलीच नव्हती.

ती जमिनीवर बसली. पहिल्यांदा फक्त बाहेरून येणारी तार काढली. नेट गेलं, ते जाणारच होतं. पण फोनच्या यादीत नव्या मोडेमचं नाव तसंच! मग तार पुन्हा जोडली आणि विजेचं बटण बंद केलं. नाव गायब. चालू केलं. नाव हजर. नेटही परत आलं.

म्हणजे नाव तारेतून येत नव्हतं. नाव डब्यात होतं. तार कापली तरी वीज आहे तोवर डबा आपलं नाव सांगत राहतो, आणि नाव-पासवर्ड ओळखीचे असले की घरचे फोन मुकाट त्याला जाऊन चिकटतात. पुढं नेट नाही, हे त्यांच्या गावीही नसतं.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “महाराज घेऊन गेले त्याच्या आधी तू बाबांचा डबा चालू करायचीस का गं?”

आई ओशाळली. “रोज दिवेलागणीला करायचे. झोपायच्या आधी बंद. तो हिरवा दिवा लागला ना, की शेजारी ते बसलेत असं वाटायचं. माझ्या डोळ्यांना तेवढाच दिसतो नीट. तार तर कापलेलीच होती, म्हटलं काय बिघडतंय? चुकलं का माझं काही?”

थोरली सरकून आईजवळ बसली. इतके दिवस दोघी ज्या भुताला घाबरत होत्या, ते आईनंच मायेनं लावलेलं होतं. “नाही गं, काही नाही चुकलं,” म्हणत तिनं सगळं समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, पण तीही काही कच्ची नव्हती.

“असेल तसं. पण डबा तर पाण्यात गेला ना? मग महाराज आले की नाव कुठून येतं? ते सांग.”

“तेच आज बघू या,” थोरली म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा तीच दाटी. महाराज आज रंगात होते. पिशवी पुढे करून म्हणाले, “हात लावून बघा! ऊब लागते? हेच ते चैतन्य.” काकूंनी हात लावला आणि डोळे मिटून घेतले. थोरलीच्या मनात आलं, ऊब तर आमच्या नव्या डब्यालाही लागते.

“काढा फोन! आले का साहेब?”

“आले, आले!”

“साहेब म्हणताहेत, उद्या दवाखान्याची पायरी चढू नकोस...”

थोरली स्वयंपाकघरात होती. नव्या मोडेमचं नाव फोनवरून बदलता येतं. तिनं ते बदललं. बाहेर कुजबुज झाली. मागच्या एका आजोबांनी अडखळत वाचलं, “महाराज... इथं खाली आणखी एक आलंय. ‘ऑपरेशन करून घे’ म्हणतंय.”

महाराजांचा कामापुरता डोळा पूर्ण उघडला. पण गडी मुरलेला होता. “सावध! ही दुसरी शक्ती आहे! दुष्ट शक्ती! साहेबांना बोलू देत नाही!”

“दुष्ट शक्ती मी आहे,” थोरली फोन हातात धरून बाहेर आली. “आत्ता टाइप केलं. सांगा, आणखी काय लिहू? तुमचं नाव लिहू?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकू म्हणाल्या, “अगं पण पहिलं कोण लिहितंय? ‘चहा ठेव’?”

“पहिलं एका डब्यातून येतंय. डबा जवळ आला की नावापुढच्या या रेघा वाढतात, लांब गेला की कमी होतात.” तिनं फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. जिन्यात गेली, एक रेघ. खोलीत आली, दोन. कोचाकडे निघाली, तीन. महाराजांनी पिशवी छातीशी घट्ट धरली. “हात लावू नका! भस्म व्हाल!”

“मघाशी तर तुम्हीच हात लावायला लावलात,” आजोबा म्हणाले.

आता थोरली पिशवी ओढणार, तोच आई उठली. समोरचं फार थोडं दिसत होतं तिला. हात पुढे करून ती कोचापाशी आली आणि म्हणाली, “द्या महाराज. माझा माणूस आहे ना आत? मग मला द्या.”

सगळी खोली बघत होती. महाराजांना नाही म्हणता येईना. आईनं पिशवीत हात घातला. आधी तिच्या बोटांना बॅटरी लागली, मग वायर, मग गरम डबा. बोटं डब्याच्या कडेनं फिरत गेली आणि एका कोपऱ्यावर थांबली. तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता.

“हा आमचाच,” ती म्हणाली. “यांनी सांधलेला. तुम्ही तर वाहत्या पाण्यात सोडला होतात ना?”

महाराज चपला शोधायला लागले. चपला मिळायच्या आत लोकांनी त्यांना दारातच अडवलं, आणि प्रत्येकाला आपापली मंतरलेली बाटली आठवली. काकू सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होत्या. आई मात्र त्या गलक्यात नव्हती. ती डबा मांडीवर घेऊन बाबांच्या खुर्चीत बसली होती आणि हमसून हमसून रडत होती. थोरली तिच्या पायाशी बसली. बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं दोघींना वाटत होतं.

खूप वेळानं आई म्हणाली, “बटण बंद कर त्याचं.” थोरलीनं बॅटरी काढली. हिरवा दिवा विझला. आईनं डोळे पुसले. “डॉक्टर काय म्हणाले होते गं? गेलेली परत यायची नाही?”

“उरलेली वाचवायची, म्हणाले होते.”

“मग उद्या लवकर उठव मला.”

ऑपरेशन झालं. उरलेली नजर उरली. जगात न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, मंडळी, आणि गेलेल्या माणसाची ओढ तर कुणालाही वेडं करते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण कुणी त्या ओढीचा हात धरून तुमचं औषध बंद करायला निघाला, तर घाबरलेले असलात तरी एकदा तार काढून बघा, एकदा बटण बंद करून बघा. आणि त्याची पिशवी उघडून बघा.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आईनं पहिली फर्माईश केली ती नव्या मोडेमच्या नावाची. थोरलीनं तिच्या समोरच बसून ते बदललं. आईनं फोन नाकाशी नेला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, “च-हा ठे-व.”

“कुणी लिहिलंय ते माहीत आहे ना?” थोरलीनं विचारलं.

“तू लिहिलंयस. मी काय आंधळी आहे?” आई हसत उठली. त्या दिवशी तिनं दोनच कप ठेवले.