चित्राबाहेरचं घर

“कसं? अगदी होतं तसंच ना?” झेनॉनने छाती फुगवून विचारलं.

गेनोवेफा मान वर करून बघतच राहिली. गुलाबी गिलावा, खिडक्यांवर रंगवलेली वेलबुट्टी, दारावर कोरीव दगड. जर्मनांनी वॉर्साची ही जुनी पेठ सुरुंग लावून भुईसपाट केली, त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हा हुसकावलेली गेनोवेफा दूर व्रोत्सुआफला धोबीकाम करत राहिली आणि आज पहिल्यांदा परतली. धाकटा भाऊ झेनॉन गवंडी. पेठ पुन्हा उभी करताना तो इथंच राबला होता आणि त्याची फुशारकी त्याच्याआधी दारात पोचायची.

“हात सोन्याचे आहेत रे तुझे,” ती म्हणाली. “आता आत चल. आईला दिवा लावू.”

सर्व संतांचा दिवस होता. सारं शहर आपापल्या थडग्यांवर दिवे लावत होतं. आईला थडगं नव्हतं. कमानीमागच्या चौकातल्या घराच्या तळघरात ती ढिगाऱ्याखाली गाडली गेली होती. घर पुन्हा बांधलं, असं भावाने सांगितल्यापासून गेनोवेफाला एकच आस लागली होती. त्या तळघराच्या पायरीवर एकदा दिवा ठेवायचा.

“आत काय बघायचंय?” झेनॉन गडबडला. “थंडी बघ केवढी. आधी गरम सूप पिऊ.”

पण ती कमानीतून आत शिरलीसुद्धा. आत हिरवळ होती, चार काटक्यांसारखी रोपं होती. लोखंडी दांडीवर सतरंजी टाकून एक बाई ती झोडपत होती.

“आपलं घर कुठाय?”

“ते चित्रात नव्हतं गं.”

“कसलं चित्र?”

“जुनी चित्रं बघून बांधली ना पेठ. चित्रकार रस्त्यात उभा राहून काढायचा. मागे कोण राहतं, त्याला काय ठाऊक? इंजिनिअर म्हणाले, मागची खुराडी नकोत, उजेड येऊ दे.”

“आणि मला म्हणालास, घर बांधलं!”

“पुढचं बांधलं की. म्हटलं, तेवढंच तुला बरं वाटेल.”

गेनोवेफाने पिशवीतून पणती काढली. पुढे डॉक्टर राहायचे, मागे चांभार, मोलकरणी आणि या दोघा भावंडांची आई. डॉक्टरांचं घर वेलबुट्टीसकट परत आलं होतं.

सतरंजीवाली बाई जवळ आली. “बाई, इथं नका ठेवू, पोरं धावतात. बाहेर भिंतीवर जर्मनांनी गोळ्या घातलेल्यांची पाटी आहे ना, तिथं ठेवतात सगळे.”

“पाटीवर माझी आई नाही हो.”

ती बाई ओशाळली. सतरंजी गुंडाळून गुपचूप आत गेली.

“माती तरी तीच ना रे?”

झेनॉनने मान खाली घातली. “सगळं उपसलं. ढिगारा भरडून त्याचे ठोकळे पाडले, ते भिंतींत गेले.”

“कुठल्या भिंतींत?”

“नाही सांगता येत गं. मीच रचले, पण नाही सांगता येत.”

ती रडली नाही. रडायला तरी समोर काही हवं. तिने मातीच्या पणतीतली वात पेटवली, ठेवायला दोनदा वाकली आणि दोनदा सरळ झाली. मग ती पणती हातांतच धरून उभी राहिली. हळूहळू माती तापली, बोटं लाल झाली, तरी ती खाली ठेवेना. झेनॉनने आपले चुन्याने खाल्लेले हातमोजे काढले आणि पणती या हातातून त्या हातात घ्यायला लावत एकेक करून तिच्या हातांत चढवले.