सासऱ्यांचा हायवे

सून वाहतूक खात्यात इंजिनिअर होती. सायकलवाल्यांना कुठला रस्ता किती सोसवतो ते मोजायचं आणि त्याला 'अ'पासून 'फ'पर्यंत, म्हणजे उत्तमपासून नापासपर्यंत, श्रेणी द्यायची, हे तिचं काम. कडेची पट्टी किती रुंद, गाड्या किती जोरात जातात, डांबर कुठे उखडलंय, सगळं बघायचं, आणि मग स्वतः सायकल हाणून जिवात जीव राहतो का तेही पाहायचं.

यंदा तिच्या वाट्याला नेमका गावाबाहेरचा हायवे आला. तो सासऱ्यांनी बांधलेला. निवृत्त होऊन जमाना झाला तरी ते त्याच्याबद्दल पोटच्या पोरासारखं बोलत. खऱ्या पोटच्या पोराबद्दल, म्हणजे तिच्या नवऱ्याबद्दल, त्यांना इतकं चांगलं बोलताना कधी कुणी ऐकलं नव्हतं.

हायवेचं काही खरं नाही, असं ती चहाच्या वेळी बोलून गेली आणि सासरे पेटले. आपल्या रस्त्यावर आंधळासुद्धा सायकल चालवेल, आत्ताच दाखवतो म्हणाले. सासूबाईंनी फक्त विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते विचारून घेतलं.

दोघं निघाले. सासरे छाती काढून पुढे, सून मागे. पुलाच्या अलीकडे कडेची पट्टी एकाएकी संपली. तेवढ्यात एक टँकर भोंगा वाजवत अगदी खेटून गेला. त्या वाऱ्याने सासऱ्यांचं हँडल डगमगलं आणि ते सायकलसकट कडेच्या काटेरी झुडपात गेले.

सायकल टाकून सून धावली. "बाबा, लागलं का?"

"रस्त्याला काही झालेलं नाही," ते झुडपातून म्हणाले.

घरी ते पलंगावर पालथे पडले आणि सासूबाई चिमट्याने एकेक काटा उपसत बसल्या. त्यांना घाई अजिबात नव्हती. सून शेजारी अहवाल उघडून बसली, पण श्रेणी लिहायला तिचा हात धजेना. म्हाताऱ्याचं मन मोडायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

"काय देणारेस?" सासऱ्यांनी उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

"फ, बाबा."

सासूबाईंनी आणखी एक काटा उपसला.

"फच्या खाली काही नसतं?"

"नाही."

"मग फच दे."

पुढे हायवेलगत सायकलींसाठी वेगळा रस्ता मंजूर झाला. काम सुरू झाल्यापासून सासरे रोज तिथे जाऊन कंत्राटदाराचं डोकं खायला लागले. वैतागून त्याने खात्याकडे तक्रार केली. सुनेने ती चवीचवीने वाचली, आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांसाठी साइटवर घालायची पिवळी टोपी आणली.